न विरघळणारा खडा

त्या शनिवारी माझे सासरे सकाळपासून पाणी पीत होते आणि बाथरूमकडे एकदाही गेले नव्हते. यातली दुसरी गोष्ट माझ्या लक्षात यायला दुपार झाली. पहिली मात्र डोळ्यांत भरण्यासारखीच होती. पाण्याचा तांब्या त्यांनी स्वतःच्या खुर्चीशेजारी आणून ठेवला होता. तो रिकामा झाला की उठायचं, फिल्टरखाली धरायचा आणि परत येऊन बसायचं, असं चाललं होतं. उकाडा मरणाचा होता, खाडीकडून येणारा वारासुद्धा गरम, त्यामुळे म्हातारा माणूस पाणी पितोय यात मला वावगं काही वाटलं नाही. उलट बरंच वाटलं. एरवी पाणी प्या, पाणी प्या म्हणून मीच त्यांच्या मागे लागलेली असायचे, कारण त्यांना एकच किडनी होती. दुसरी माझ्या नवऱ्याच्या पोटात होती.

हे मी इथे सरळ लिहितेय, पण आमच्या घरात हे वाक्य कुणी उच्चारत नसे. काही वर्षांपूर्वी नवऱ्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. बरेच महिने डायलिसिसवर गेले आणि शेवटी बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, आपली एक दिली. ऑपरेशन नीट झालं, बापलेक घरी आले, आणि त्या दिवसापासून दोघांनी त्या विषयाला जे कुलूप घातलं ते घातलं. नवऱ्याला साधा ताप आला तरी तो बाबांपासून लपवायचा, बापाची वस्तू आपण नीट सांभाळली नाही असं त्यांना वाटू नये म्हणून. बाबा नवऱ्यासमोर कधी कंबर धरून उठायचे नाहीत. मी मूळची देशावरच्या घरातली, जुईनगरच्या फ्लॅटमध्ये वाढलेली. आमच्याकडे मनात असतं ते जेवता जेवता बोलून मोकळं होतात, मग भांडण झालं तरी चालतं. या दोघांची ही चुप्पी मला तेव्हापासून छळत आली आहे.

आमचं घर रबाळे स्टेशनपासून थोडं आत, गावठाणात आहे. खालच्या मजल्यावर बाबा, वर आम्ही दोघं. सासूबाई जाऊन बराच काळ झाला, त्यामुळे स्वयंपाक आणि जेवण सगळं खालीच. नवऱ्याला त्या दिवशी ऐरोलीच्या ऑफिसात शनिवारची शिफ्ट होती. मी बाबांच्या जेवणाच्या टेबलावर माझा ट्रे मांडत बसले होते. सोमवारी कॉलेज उघडणार होतं.

मी भूगर्भशास्त्र शिकवते आणि नव्या मुलांचा पहिला तास दरवर्षी या ट्रेवर घेते. ट्रेमध्ये खडेमीठ, खडीसाखर, फुटलेल्या काचेचा तुकडा, कोळसा, एक मोती, पारसिकच्या टेकडीतल्या जुन्या खाणीतून उचललेला स्फटिक आणि कॅल्साईटचा तिरपा पांढरा ठोकळा. यातलं खनिज कोणतं ते वेगळं काढा, एवढंच मी मुलांना सांगते आणि मग गंमत बघत उभी राहते. मुलं चमकणारं सगळं एका बाजूला करतात. मग मी एकेकाची हकालपट्टी करते. खडीसाखर कितीही रेखीव असली तरी ती उसाची, म्हणजे जिवंत गोष्टीतून आलेली, आणि वर कारखान्यातली. ती गेली. कोळसा मुळात झाडं होता, तोही गेला. मोती शिंपल्यातल्या जिवाने घडवला, म्हणून तोही गेला. काच भट्टीत केलेली, शिवाय तिच्या आतल्या कणांना रांग म्हणून माहीत नाही, बाजारात माणसं उभी असतात तसे ते कसेही उभे असतात. उरतं ते निसर्गात आपोआप झालेलं, घट्ट, ठरलेल्या घटकांचं आणि आतून शिस्तीत रचलेलं. डोंगरावरचा बर्फ चालतो, फ्रीजमधला चालत नाही, असं मी म्हटलं की वर्गात हमखास भांडण लागतं, आणि भांडण लागलं की माझा तास सुरू झाला असं मी समजते.

बाबांना हा ट्रे फार आवडायचा, त्यातल्या मिठामुळे. तरुणपणी ते खाडीकाठच्या मिठागरात कामाला होते. पुढे मिठागर गेलं, जमिनी गेल्या, आणि ते रबाळ्यातल्या एका कारखान्यात लागून तिथूनच रिटायर झाले. पण विचारलं तर अजून स्वतःला आगरातलाच माणूस म्हणवतात. एका वर्षी मी त्यांना सहज बोलून गेले की काटेकोर बघायला गेलं तर मिठागरातलं मीठ खनिज नव्हे, कारण ते माणसाने बनवलेलं, खडकांच्या थरांत सापडतं तेच खरं. त्यावर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते. तिसऱ्या दिवशी चहाला बसले आणि म्हणाले, पाणी खाडीचं, ऊन वरचं, आम्ही नुसता बांध घातला, तर मीठ आम्ही केलं कसं? मला ते अजून पुरतं पटलेलं नाही, पण तेव्हापासून तो प्रश्न मी वर्गात टाकते आणि मुलांना भांडू देते.

त्या दुपारी ते खुर्चीतून उठून टेबलाशी आले. कॅल्साईटचा ठोकळा उचलला, उजेडाकडे धरला, खाली ठेवला. मग मुतखडा यात कुठे बसतो, असं विचारलं. मी मान वर न करता सांगितलं की तो बसत नाही. तोच पदार्थ काही खडकांमध्ये अगदी तसाच सापडतो आणि तिथे त्याला खनिज म्हणतात, पण हा माणसाच्या अंगात तयार झालेला, म्हणून आमच्या व्याख्येच्या बाहेर.

"म्हंजे खरा दगड नाय तो," बाबा म्हणाले.

त्यांच्या आवाजात सुटका होती. मी वर बघितलं ते त्यामुळे. परीक्षेत नापास होता होता वाचलेल्या मुलाचा असतो तसा त्यांचा चेहरा झाला होता, आणि तो चेहरा सुजलेला होता. डोळ्यांखाली पिशव्या आल्या होत्या. माझी नजर खाली गेली. स्लिपरचे पट्टे पायांत रुतले होते आणि घोट्याचं हाड दिसत नव्हतं. बाबा परत खुर्चीत जाऊन बसले आणि त्यांनी तांब्या तोंडाला लावला. तेव्हा मला आठवू लागलं की सकाळपासून बाथरूमचं दार माझ्याशिवाय कुणी उघडलेलंच नाही.

सुनेने सासऱ्याला विचारायचा हा प्रश्न नव्हे. आमच्यात तर नाहीच, त्यांच्यातही नाही. पण मी विचारला. बाबा, लघवीला कधी गेला होतात? ते रागावले. तुला काय करायचंय, म्हणाले. मी पुन्हा विचारलं. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. मी जाऊन टीव्ही बंद केला आणि पडद्यासमोर उभी राहिले. माझा आवाज वर्गातला झाला होता, तो मला स्वतःला ऐकू येत होता, पण आवरता येत नव्हता. शेवटी ते भिंतीकडे बघत म्हणाले की काल सांजेला थोडी झाली होती.

मग एकेक बाहेर आलं. आठवडाभर कंबरेत कळ येत होती. ते एकटेच रिक्षाने ऐरोलीला एका डॉक्टरकडे गेले, तिथे सोनोग्राफी झाली. किडनीतून निघालेला खडा खालच्या नळीत येऊन बसला होता. डॉक्टर म्हणाला, काका, तुम्हाला एकच किडनी आहे, आजच ॲडमिट व्हा, ही वाट पूर्ण बंद झाली तर हातात काही राहणार नाही. बाबा हो हो म्हणाले, बाहेर आले, नारळपाणी प्यायले आणि घरी आले. घरी आल्यावर कुणाला चकार शब्द बोलले नाहीत. हे सगळं त्यांनी मला असं सांगितलं की जणू शेजारच्या माणसाला झालंय.

मी म्हटलं, उठा, आत्ता निघायचं. ते उठले नाहीत.

"पान्यातना झालेला पान्यातच जातो, बाय," ते म्हणाले. "आमचा मिठाचा ढीग, एवढा डोंगरासारका, अवकाली पाऊस आला का एका रातीत पानी व्हायचा. यो तं खड्याएवडा हाय. आनि तूच बोल्लीस ना, तो काय खरा दगड नाय."

मला भीती वाटली की आधी राग येतो. लहानपणापासून असंच आहे. त्या क्षणी माझ्या डोक्यात इतका राग गेला की समोरचा तांब्या उचलून मी तो सिंकमध्ये ओतला. हा माणूस मूर्ख नव्हता. तीस वर्षं मशीन चालवलेला, घराचं बांधकाम स्वतः उभं राहून करून घेतलेला माणूस. पण मिठागरात त्याने आयुष्याच्या सुरुवातीलाच एक गोष्ट डोळ्यांनी बघितली होती, की पाण्यातून जे बसतं ते पाण्याने उठतं, आणि त्याच्या लेखी तो निसर्गाचा कायदा होता. बाहेर जायची वाट बंद असताना तो आत पाणी भरत होता, आणि जितकं भरत होता तितकं आपण उपाय करतोय असं त्याला वाटत होतं. मला तर एकच गोष्ट दिसत होती. हे शरीर आतल्या आत बुडतंय आणि मी इथे उभी राहून खनिजाची व्याख्या करतेय.

मी नवऱ्याला फोन लावला. बेल वाजत राहिली. त्यांच्या ऑफिसात कामाच्या जागी मोबाईल नेऊ देत नाहीत, लॉकरमध्ये ठेवावा लागतो, हे मला माहीत होतं तरी मी पुन्हा पुन्हा लावत राहिले. बाबांनी ते बघितलं आणि त्यांचा चेहराच बदलला. त्याला कळवलंस तर मी या खुर्चीवरून हलणार नाही, म्हणाले, मग काय करायचं ते कर. धमकी नव्हती ती. ते आरामात, पाय जवळ घेऊन, हात मांडीवर ठेवून बसले होते आणि मला ठाऊक होतं की ते खरंच हलणार नाहीत. ओढून नेण्याएवढी माझ्यात ताकद नव्हती. शेजाऱ्यांना बोलवावं तर अर्ध्या गावठाणात ही बातमी नवऱ्याच्या आधी पोचली असती. मी फोन खाली ठेवला.

मग मी दोन पेले घेतले. दोन्हीत पाणी भरलं. एकात ट्रेमधले खडेमिठाचे चार खडे टाकले, दुसऱ्यात कॅल्साईटचा ठोकळा फोडून निघालेला चुरा, आणि चमच्याने दोन्ही ढवळत राहिले. चमचा काचेवर आपटत होता. मीठ गेलं. चुरा होता तसा तळाशी बसला. मी पेले त्यांच्यासमोर धरले आणि सांगितलं की तुमच्या हिशेबाने दोन्ही खनिजं, दोन्ही पाण्यातूनच झालेली, दोन्ही आतून शिस्तीत रचलेली, पण ज्याचे घटक वेगळे त्याचा स्वभाव वेगळा. तुमच्या नळीतला खडा या दुसऱ्या पेल्यातल्या जातीचा आहे. तो अंगात झाला म्हणून आम्ही त्याला यादीत घेत नाही, पण म्हणून तो मऊ होत नाही.

बाबांनी दुसरा पेला हातात घेऊन बराच वेळ न्याहाळला. त्याला टाइम लागेल, म्हणाले. किती, म्हणून मी विचारलं. लागेल, म्हणाले. आणि पुढे वाकून ओकारी काढल्यासारखं केलं, पण आलं काहीच नाही. कपाळावर घाम होता. श्वास घेताना खांदे उचलले जात होते. मला रडू फुटत होतं आणि रडण्याचा मला संताप येत होता. मी जमिनीवर त्यांच्या पायांशी बसले. सुजलेले ते पाय बघताना मला कधीकाळी ऐकलेली एक हकीकत आठवली, आणि मी शिकवायचं सोडून विचारायला लागले.

मिठागरात खाडीचं पाणी एकदम मिठाच्या वाफ्यात सोडत नाहीत. ते एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरवतात, उन्हाने ते दाट होत जातं आणि मीठ बसतं ते शेवटच्या वाफ्यांत. पण त्याच्या आधीच्या वाफ्यांत, मीठ व्हायच्या अगोदर, तळाला एक पांढरा कडक थर धरतो. पुस्तकात त्याला जिप्सम म्हणतात. बाबा त्याला पापडी म्हणायचे. त्या पापडीने त्यांचा तळवा एकदा असा कापला होता की महिनाभर ते कामावर जाऊ शकले नव्हते. मी विचारलं, बाबा, ती पापडी कशातून व्हायची?

"पान्यातना," ते म्हणाले.

त्याच खाडीच्या? हो. मिठाच्या आधी? हो, आधी. मग अवकाळी पाऊस आला, मिठाचा ढीग गेला, तेव्हा पापडी जायची का?

बाबांची नजर समोरच्या पेल्यावर होती, पण ते पेला बघत नव्हते. मला आता गप्प बसायला हवं होतं आणि गप्प बसणं मला कधीच जमत नाही, पण तेव्हा बसले. पंखा फिरत होता. बाहेर गल्लीत कुणीतरी गॅसच्या टाक्या उतरवत होतं, त्यांचा आवाज येत होता.

"पहारीनं फोडाय लागायची," बाबा अगदी हळू म्हणाले. "पावसालं गेलं तरी तशीच."

त्यांनी पेला टेबलावर ठेवला. दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरून उठायचा प्रयत्न केला आणि उठता येईना, तेव्हा पहिल्यांदा मला त्यांच्या डोळ्यांत भीती दिसली. मी आधार दिला. दाराशी पोचेपर्यंत ते एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगत होते की त्याला सांगू नकोस, त्याच्या जिवाला लागेल. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मी त्यांना स्लिपर घालायचा प्रयत्न केला, ती पायांत जाईना, मग तसंच अनवाणी रिक्षात बसवलं.

ऐरोलीपर्यंतचा रस्ता मला आता आठवत नाही. आठवतो तो त्यांचा माझ्या मनगटावरचा हात. कळ आली की पकड आवळायची, कळ गेली की सैल व्हायची, आणि पुढे पुढे ती सैल व्हायचीच थांबली. रिक्षावाल्याने आरशातून एकदा बघितलं आणि पुढे सिग्नल पाळले नाहीत.

हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पोट चाचपलं, रक्त घेतलं, छातीला वायर लावल्या आणि कागदावर उमटणाऱ्या रेघांकडे बघताना त्यांची भुवई वर गेली. मला बाजूला घेऊन त्यांनी नीट, न घाबरवता, पण काही न लपवता सांगितलं. वाट बंद झाल्यामुळे रक्तात जे साचू नये ते साचलंय आणि त्याचा हृदयावर परिणाम व्हायला लागलाय. आधी औषधं देऊन ते थोडं खाली आणायचं, मग लगेच आत घेऊन खड्याच्या बाजूने एक बारीक नळी वर सरकवायची, म्हणजे लघवीला वाट मिळेल. नळी गेली नाही तर पाठीतून छिद्र करावं लागेल. किडनी पूर्ववत होईल का, हे वाट मोकळी झाल्यावरच कळेल. नाही झाली तर डायलिसिस. मग त्यांनी विचारलं की घरातलं आणखी कोण आहे, कारण सही माझी चालली असती, पण अशा वेळी मुलगा इथे असावा.

डायलिसिस म्हणजे काय ते मला सांगायची गरज नव्हती. ते महिने मी बघितले होते. नवऱ्याचा हात, त्यावर फुगलेली शीर, आठवड्यातून तीनदा त्या खुर्चीत त्याचं बसणं, आणि बाहेरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेले बाबा. आता जागा बदलणार होत्या, आणि नवऱ्याला तेव्हाही कळलं नसतं तर ते पाप मला झेपलं नसतं. मी बाहेर येऊन त्याच्या ऑफिसच्या रिसेप्शनला फोन केला आणि सांगितलं, त्याला जागेवरून उठवा.

तो आला तेव्हा बाबांना आत नेलं होतं. तो धावत आला होता आणि मास्क लावायचा विसरला होता. त्याच्या गोळ्यांमुळे त्याला कुठलाही आजार पटकन धरतो, हॉस्पिटलात मास्कशिवाय पाऊल टाकायचं नाही हा नियम तो कधी मोडत नाही. मी पर्समधला काढून त्याच्या कानांना अडकवला. मास्कच्या वर फक्त डोळे उरले. मी त्याला सगळं सांगितलं, खडा, आठवडा, पाणी, तांब्या, खुर्ची, सगळं. बाबा त्याला कळवू नको म्हणाले होते, हेही सांगितलं. का, ते त्याने विचारलं नाही. तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि कितीही सांगितलं तरी बसला नाही. आमच्या शेजारी एक कुटुंब डब्यातून पोळीभाजी खात होतं, त्यांच्यातल्या बाईने मला खुणेने विचारलं की खाणार का, आणि मला त्या बाईच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा संध्याकाळ व्हायची होती. नळी गेली होती. खडा जिथे होता तिथेच होता, त्याला पुढे तब्येत सावरल्यावर लेझरने फोडणार होते. पण वाट मोकळी झाली होती आणि पिशवीत लघवी उतरायला लागली होती, बऱ्यापैकी वेगाने. लक्षण चांगलं आहे, असं त्या म्हणाल्या, पण उद्याचे रिपोर्ट येईपर्यंत मी काही शब्द देणार नाही. मी त्यांचे दोन्ही हात धरले. काय बोलले ते आठवत नाही.

नवरा भिंतीपासून सुटून पुढे आला.

"डॉक्टर, समजा त्यांची नाही चालू झाली," तो म्हणाला, "तर माझ्यातली काढून त्यांना परत लावता येते का? ती त्यांचीच आहे."

तो हे चौकशीच्या खिडकीवर विचारावं इतक्या साध्या आवाजात बोलला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की असं होत नसतं, आणि तुम्ही तुमच्या आजच्या गोळ्या घेतल्या का? त्याने घेतल्या नव्हत्या. घ्या आधी, त्या म्हणाल्या, आणि गेल्या. मी त्याच्या तोंडाकडे बघू शकले नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं की तो हा विषय टाळतो, कारण त्याला त्याचं ओझं नको आहे. मी मूर्ख. तो तर ते उतरवून ठेवायला एका पायावर तयार होता.

आम्हाला आत सोडलं तेव्हा बाबा डोळे मिटून पडले होते. चेहऱ्याची सूज तशीच होती, पण श्वास संथ झाला होता. पलंगाच्या कडेला पिशवी लटकत होती आणि तिच्यात थेंब थेंब नव्हे, धार लागली होती. नवरा स्टुलावर बसला. बऱ्याच वेळाने बाबांनी डोळे उघडले, त्याला बघितलं, मला बघितलं. माझ्यावर ते रागावतील म्हणून मी वाट बघत होते, पण त्यांनी नुसतीच मान परत सरळ केली.

नवऱ्याने विचारलं की मला का नाही सांगितलं. तेवढंच विचारलं.

बाबा छताकडे बघत होते. ओठ कोरडे पडले होते, त्यावरून त्यांनी जीभ फिरवली.

"तुला सांगला असता," ते म्हणाले, "तं तू ती परत द्याला निंगाला असतास."

नवऱ्याने झटकन माझ्याकडे बघितलं. मी नाही अशी मान हलवली. मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं.